घरी ईव्ही चार्जिंग : वेगाच्या नादात या चुका टाळा

इलेक्ट्रिक गाडी बुक झाली की पहिला प्रश्न ठरलेला: १५ अँपिअरच्या पॉइंटवर भागेल, की ७.२ किलोवॅटचा वॉलबॉक्स, म्हणजे भिंतीवरचा चार्जिंगचा डबा, बसवायचा? शोरूमवाला वॉलबॉक्सच सुचवणार. आधी रोजचे किलोमीटर मोजा.

४० किलोमीटरला साधारण ६ युनिट लागतात. १५ अँपिअरचा पॉइंट तासाला ३ युनिटच्या आसपास देतो. म्हणजे रात्री नऊला लावलेली गाडी बारापर्यंत तयार. रोज दीड-दोनशे किलोमीटर पळणाऱ्याला किंवा घरात दोन ईव्ही असणाऱ्याला वॉलबॉक्स हवाच. बाकीच्यांनी घाई कशाला करायची?

वॉलबॉक्स घेणारे आणखी एका ठिकाणी फसतात. भिंतीवरचा तो डबा फक्त एसी वीज पुढे पाठवतो. तिची बॅटरीला लागणारी डीसी वीज करणारा खरा चार्जर गाडीत असतो. टाटाची टियागो ईव्ही आली तेव्हा गाडीतल्या या चार्जरचे ३.३ आणि ७.२ किलोवॅट असे दोन पर्याय होते. ३.३ वाल्या गाडीला ७.२ चा डबा लावला तरी ती ३.३ नेच घेणार. वरचे पैसे वाया.

१५ अँपिअरच्या पॉइंटवरच्या स्लो चार्जिंगला काहीच तयारी लागत नाही, हा समज मात्र सगळ्यात महागात पडतो. गिझर अर्ध्या तासात बंद होतो, गाडी कित्येक तास सलग करंट ओढते. त्यामुळे एक्स्टेन्शन बोर्ड नको, मल्टिप्लग तर नकोच. मीटरपासून वेगळी लाइन, किमान ४ स्क्वेअर एमएमची तांब्याची वायर, स्वतंत्र एमसीबी (करंट जास्त झाला की आपोआप पडणारा स्विच) आणि ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी (वीज गळती झाली की पुरवठा तोडणारी), एवढं वायरमनकडून करूनच घ्या. चार्जिंग सुरू झाल्यावर तासाभराने प्लगला हात लावून बघा. कोमट चालेल, चटका बसत असेल किंवा सॉकेटच्या भोकांभोवती तपकिरी डाग दिसत असेल, तर आत स्क्रू ढिला आहे किंवा सॉकेटच हलका आहे. एमसीबी सारखा पडतो म्हणून मोठा एमसीबी टाकून देणारे महाभाग आहेत. मग एमसीबी पडत नाही, वायर जळते.

चार्जरवर लाल दिवा लागला की लोक थेट सर्व्हिस सेंटरला फोन लावतात. बहुतेकदा दोष अर्थिंगचा असतो. मल्टिमीटरने न्यूट्रल आणि अर्थमधला व्होल्टेज मोजायला सांगा; दोन-तीन व्होल्टच्या आत हवा. उन्हाळ्यात अर्थिंगचा खड्डा कोरडा पडला असेल तर त्यात पाणी ओतूनही फरक पडतो.

७.२ किलोवॅट म्हणजे एकट्या गाडीचे ३२ अँपिअर. वीजबिलावरचा 'मंजूर भार' ५ किलोवॅट किंवा त्याहून कमी असेल, तर आधी तो वाढवून घ्या आणि वायरही जाड टाका. बॅटरी खराब होईल ही भीती मात्र सोडा. ४५ युनिटच्या बॅटरीला ७.२ हा वेग किरकोळ आहे. काळजी करायचीच तर चार्जिंग स्टेशनवरच्या रोजच्या डीसी फास्ट चार्जिंगची करा.

राहिलं बिल. महिन्याला हजार किलोमीटर म्हणजे दीडशे युनिट जास्त. महावितरणचा घरगुती दर १०० आणि ३०० युनिटनंतर चढतो, त्यामुळे दोनशेच्या पुढे असलेलं घर वरच्या टप्प्यात जातं. स्लो काय, फास्ट काय, युनिट तेवढेच. असं घर असेल तर ईव्हीसाठी वेगळं मीटर परवडतं का, हे तपासा. हिशेबात त्या मीटरचा स्थिर आकारही धरा.