शिकवणारं ॲप तपासताना आठवडाभर थांबा

शिकण्यासाठीचं ॲप बनवलं की आपण लगेच विचारतो, "आवडलं का?" मुलं हो म्हणतात, आणि आपण खूश होतो. पण आवडणं वेगळं, शिकणं वेगळं.

आधी एका मुलाशेजारी बसा. त्याला मनात येईल ते मोठ्यानं बोलत ॲप वापरू द्या आणि तुम्ही मात्र एक शब्दही बोलू नका, हेच सगळ्यात अवघड असतं. अपूर्णांकांच्या बेरजेत चार पर्याय दिलेत, तर मूल एकेक दाबत जातं आणि हिरवी खूण आली की पुढे सरकतं. नोंदीत "सोडवलं" असं दिसतं, डोक्यात काहीच गेलेलं नसतं. अशा वेळी पर्याय काढून उत्तर लिहायला लावा, किंवा निदान पहिला प्रयत्न वेगळा मोजा.

मग चाचणी. वापरण्याआधी एक घ्या, आणि नंतरची त्याच दिवशी घेऊन थांबू नका. रोडिगर आणि कार्पिके या मानसशास्त्रज्ञांच्या 2006 च्या प्रयोगात उतारा पुन्हा वाचणारे विद्यार्थी पाच मिनिटांनी घेतलेल्या चाचणीत पुढे होते; आठवड्यानंतर मात्र वाचलेलं आठवून लिहिण्याचा सराव केलेले पुढे गेले. तुम्ही पाच मिनिटांनीच मोजलंत तर ॲपची चुकीची रचना निवडाल. आठवड्यानंतरच्या चाचणीत प्रश्न नवे ठेवा, आकडेही बदला, आणि ती कागदावरच घ्या. ॲपमधली बटणं नसताना जमतंय का, हे तिथंच कळतं.