डोमेनचा धंदा सुरू करताय? पहिल्या वर्षात या चुका टाळा

डोमेन म्हणजे वेबसाईटचं नाव, ते आज घ्यायचं आणि पुढे जास्त पैशाला विकायचं, हा हा धंदा. डोमेन घ्यायला काहीच लागत नाही, सगळा घोळ तिथूनच सुरू होतो. कार्ड टाकलं की दोन मिनिटांत नाव तुमचं, बोरिवलीला गाडीत बसलेला माणूस अंधेरी येईपर्यंत पाच-सहा नावं घेऊन मोकळा होतो. विकायला मात्र गिऱ्हाईक लागतं आणि ते नक्की कोण, हे घेताना स्वतःला कोणी विचारलेलंच नसतं. विचारलं तर उत्तर येतं, "कोणीतरी घेईलच ना". बहुतेकांचे पैसे या कोणीतरीपायीच बुडतात.

सुरुवात होते बातमीने. व्हॉइस डॉटकॉम २०१९ मध्ये ३ कोटी डॉलरला गेलं, हे कुठेतरी वाचलेलं असतं आणि डोकं फिरतं. पण ते नाव मायक्रोस्ट्रॅटेजी कंपनीकडे कित्येक वर्षं पडून होतं, एक शब्द, जगात कुठेही कळणारा. तुम्ही आज सर्च बॉक्समध्ये टाकल्यावर जे "अव्हेलेबल" दाखवतंय ते काय आहे? डॉटकॉमची नोंदणी १९८५ पासून चालू आहे, म्हणजे इतक्या वर्षांत ते नाव एकतर कोणाला सुचलं नाही, किंवा सुचलं पण नको वाटलं, किंवा कोणीतरी घेतलं आणि कंटाळून सोडून दिलं. यातही चांगली नावं मिळतात, नाही असं नाही, पण ती का शिल्लक राहिली याचं उत्तर तुमच्याकडे पाहिजे. नवीन तंत्रज्ञान आलं, नवा कायदा आला, नवा व्यवसाय उभा राहतोय, असं काहीतरी कारण. "मला आवडलं" हे कारण नाही.

दुसरं म्हणजे रिन्यूअल, म्हणजे नाव आपल्याकडे ठेवायला दर वर्षी भरायचे पैसे, आणि यावर मी जरा जास्त बोलणार आहे कारण नवीन माणूस खरेदीत नाही, रिन्यूअलमध्ये मरतो. डॉटकॉमची रजिस्ट्री, म्हणजे सगळ्या डॉटकॉम नावांची मूळ वही, व्हेरिसाइन ही कंपनी चालवते, सप्टेंबर २०२४ मध्ये तिचाच घाऊक दर १०.२६ डॉलर झाला, त्यावर रजिस्ट्रारचं, म्हणजे आपल्याला नाव विकणाऱ्या कंपनीचं मार्जिन, इथल्या रजिस्ट्रारकडून घेतलं तर १८ टक्के जीएसटी. म्हणजे पहिल्या वर्षी ऑफरमध्ये दोनशे-तीनशेला मिळालेलं नाव दुसऱ्या वर्षी हजार-बाराशे किंवा जास्तच मागतं. आता पन्नास नावं घेतली असतील तर गुणाकार तुम्हीच करा. आणि या धंद्यातल्या जुन्या लोकांचा ठोकताळा असा की बऱ्यापैकी निवडलेल्या शंभर नावांतली वर्षाला एक-दोन विकली जातात, तीही नीट निवडलेली असतील तर. बाकीची अठ्ठ्याण्णव तुमचा खिसा कापत बसतात.

डोमेन म्हणजे पागडीची खोली समजा. हक्क तुमचा, दुसऱ्याला देताही येतो, पण मालक वेगळाच आणि भाडं थकलं की विषय संपला. त्यामुळे नाव घेतानाच ठरवा की हे मी किती वर्षं पोसणार, आणि त्या सगळ्या वर्षांचा खर्च धरूनच विकायचा आकडा काढा. वर्ष संपत आलं, एकाही माणसाने विचारलं नाही, तरी "आता एवढे भरले तर अजून एक वर्ष" असं करत लोक चार-चार वर्षं ओढतात. सोडून द्या की. वाईट वाटेल, पण हजार रुपये वाचतील.

एक्स्टेंशनच्या, म्हणजे नावामागच्या डॉटकॉम, डॉट इन अशा शेपटाच्या बाबतीत थोडक्यात सांगतो. ९९ रुपयांत मिळणारी नवी एक्स्टेंशन्स दुसऱ्या वर्षी हजारोंत जातात, काही "प्रीमियम" नावांना तर दर वर्षी तोच प्रीमियम दर लागतो, म्हणून पैसे भरण्याआधी रिन्यूअलचा दर बघा, तो बारीक अक्षरात कुठेतरी असतोच. डॉट एआय हा अँग्विला या छोट्या बेटाचा कोड आहे, तिथे एकदम दोन वर्षांचे पैसे भरावे लागतात, गंमत म्हणून घ्यायची वस्तू नाही ती. डॉट इन आपल्या निक्सी या भारतीय संस्थेकडे आहे, २००५ मध्ये ते सगळ्यांसाठी खुलं झालं, भारतातलं गिऱ्हाईक असेल तर ठीक चालतं. देवनागरीतलं डॉट भारत २०१४ ला आलं, मला मनापासून आवडतं, पण विकायला म्हणून घेऊ नका, आपलीच माणसं अजून पत्ता इंग्रजी अक्षरांत टाईप करतात.

आता मुंबईकरांची खास सवय. काहीतरी उद्घाटन झालं की नाव घ्यायचं. जानेवारी २०२४ मध्ये अटल सेतू सुरू झाला, "तिसरी मुंबई"च्या बातम्या यायला लागल्या की उरण, पनवेल, पेण यांच्यापुढे प्लॉट्स, होम्स, रियल्टी असलं काहीतरी लावून नावं घ्यायची आणि बिल्डर आपल्याकडे येईल म्हणून बसायचं. बिल्डर येत नाही. त्याच्या प्रोजेक्टला त्याने आधीच कुठल्यातरी इटालियन गावाचं नाव दिलेलं असतं. आणि छोट्या दुकानदाराचं म्हणाल तर लालबागचा मसालेवाला किंवा दादरच्या फूल मार्केटमधला माणूस व्हॉट्सॲपवर ऑर्डर घेतो, गुगल मॅपवर सापडतो, तो तुमच्या डोमेनला पन्नास हजार कशाला देईल? जागेच्या नावाची डोमेनं अजिबात चालत नाहीत असं मी म्हणत नाही, पण तिथे गिऱ्हाईक असं हवं की ज्याला एक नवीन पेशंट किंवा एक नवीन क्लायंट मिळाला तरी नावाचे पैसे सुटतात. डेंटिस्ट, वकील, पॅकर्स-मूव्हर्स, होम लोन करून देणारे एजंट. असे त्या भागात किमान वीस-पंचवीस तरी धंदेवाले आहेत का आणि ते आत्ता ऑनलाइन जाहिरातीवर पैसे घालतात का, हे गुगलवर सर्च करून वरच्या जाहिराती बघितल्या की पाच मिनिटांत कळतं.

मराठी शब्दांची डोमेनं घेणाऱ्यांनी एक टेस्ट करायचीच. आईला नाहीतर मामाला फोन लावा, नाव एकदाच बोला आणि इंग्रजीत लिहून पाठवायला सांगा. "वडापाव" कोणी व्हीने सुरू करेल कोणी डब्ल्यूने, शेवटी कोणी व्ही लावेल कोणी ओ. "ज्ञान" तर विचारूच नका, मराठी माणूस डीने सुरू करतो, हिंदीवाला जीने. ज्या नावाची तीन स्पेलिंगं होतात त्यातलं एक तुमच्याकडे असून गिऱ्हाईकाला काय उपयोग, अर्धं ट्रॅफिक शेजाऱ्याकडे जाणार. हायफन आणि आकडे घुसडलेली नावंही त्याच कारणाने नकोत.

ट्रेडमार्क: इथे मस्ती नको

सगळ्यात महाग पडणारी चूक ही. मोठ्या ब्रँडचं नाव, त्यात एखादं अक्षर इकडेतिकडे, आणि "कंपनी स्वतःहून विकत घेईल" ही आशा. हे प्रकरण आपल्याकडे नवीन नाही, १९९९ मध्येच मुंबई हायकोर्टात रेडिफने रॅडिफ नावाच्या डोमेनविरुद्ध मनाईहुकूम मिळवला होता, फरक फक्त एका अक्षराचा. २००४ मध्ये सुप्रीम कोर्टाने सत्यम इन्फोवेच्या केसमध्ये सरळ सांगितलं की डोमेन नावालाही ट्रेडमार्कसारखं संरक्षण मिळू शकतं. कोर्टात न जाताही कंपनी नाव काढून घेऊ शकते, डॉटकॉमसाठी यूडीआरपी आणि डॉट इनसाठी आयएनडीआरपी अशा तक्रारीच्या पद्धती आहेत. वायपो या जागतिक बौद्धिक संपदा संघटनेकडे यूडीआरपीची फी एका पंचासाठी, पाच डोमेनपर्यंत, १५०० डॉलर, मोठ्या कंपनीला हा चहापाण्याचा खर्च. त्यात बघतात तीन गोष्टी: नाव मार्कशी गोंधळ होण्याइतकं सारखं आहे का, तुमचा त्यावर काही खरा हक्क आहे का, आणि घेतलं-वापरलं ते वाईट हेतूने का. गंमत अशी की तुम्ही त्या कंपनीला "एवढ्याला घ्या" म्हणून पाठवलेला मेल हाच वाईट हेतूचा पुरावा म्हणून तुमच्या विरोधात लागतो. हरलात तर नाव जातं, भरपाई शून्य.

जिओहॉटस्टारचं आठवत असेल. दिल्लीच्या एका डेव्हलपरने जिओसिनेमा आणि हॉटस्टारच्या विलीनीकरणाचा अंदाज बांधून नाव घेऊन ठेवलं, २०२४ मध्ये रिलायन्सकडे केंब्रिजच्या शिक्षणाचा खर्च मागितला, कंपनीने नकार देऊन कायदेशीर कारवाईची भाषा केली, मग ते नाव दुबईच्या दोन भावंडांकडे गेलं आणि त्यांनी ते कंपनीला फुकट द्यायची तयारी दाखवली. अंदाज अगदी बरोबर होता त्याचा, पण त्या अंदाजाला गिऱ्हाईक एकच आणि त्याच्याकडे वकिलांची फौज. म्हणून घेण्याआधी ट्रेडमार्क रजिस्ट्रीच्या साईटवर पब्लिक सर्च करा, फुकट आहे. ऑफिस आपल्याच अँटॉप हिलला असलं तरी तिथे जायची काही गरज नाही. एकूण ४५ क्लास, म्हणजे धंद्यांचे वर्ग असतात, तुमच्या नावाचा धंदा ज्या क्लासात बसतो तो आणि आजूबाजूचे बघा.

किंमत ठरवताना

किंमत सांगणाऱ्या साईटच्या ऑटोमॅटिक अप्रेझलने दोन लाख दाखवले म्हणून दोन लाख मागू नका, ते मशीन विकत घेणार नाहीये. नेमबायो या जुन्या विक्रीच्या नोंदी ठेवणाऱ्या साईटवर त्याच प्रकारची नावं खरोखर कितीला गेली ते बघा आणि बघताना फक्त सगळ्यात वरचा आकडा पकडू नका. मार्केटप्लेसचं, म्हणजे नाव विकायला मांडायच्या साईटचं कमिशन जागेनुसार साधारण १० ते २५ टक्क्यांपर्यंत जातं, ते आधीच वजा करा. आणि पहिली बरी ऑफर आली की लगेच दहापट मागायची ही जी हौस आहे ना, ती पहिल्या विक्रीला तरी बाजूला ठेवा. हजाराच्या नावाला पंधरा हजार येतायत तर थोडं वर ढकला, वीसला जमलं तर द्या. ते पैसे पुढच्या दोन वर्षांची रिन्यूअल भरतात.

अडकलात तर काय बघायचं

मार्केटप्लेसवर लिस्ट केलंय पण कोणी विचारतच नाही: आधी स्वतः ब्राउझरमध्ये नाव टाकून बघा. अर्ध्या वेळा नेमसर्व्हर, म्हणजे नाव कुठल्या पानाकडे न्यायचं ते सांगणारी सेटिंग, बदललेलेच नसतात आणि तिथे रिकामं पान किंवा रजिस्ट्रारची जाहिरात दिसते, "हे नाव विकायचं आहे" असं कुठेच नाही. बाय नाऊ किंमतही टाका, किंमत नसलेल्या नावाला मेल करायचा कंटाळा येतो लोकांना.

घेतानाच स्पेलिंग चुकलं: डॉटकॉमला पहिल्या पाच दिवसांत नोंदणी रद्द करायची सोय असते, पण परतावा द्यायचा की नाही हे रजिस्ट्रारवर, त्यामुळे झोपायच्या आधी सपोर्टला लिहा.

नवीन नाव अचानक बंद पडलं: नोंदणीनंतर ईमेल व्हेरिफाय करायची लिंक येते, १५ दिवसांत क्लिक केलं नाही तर डोमेन सस्पेंड होतं. स्पॅम फोल्डर बघा.

सौदा ठरला पण ट्रान्सफर होत नाही: नव्या नोंदणीनंतर किंवा एका रजिस्ट्रारकडून दुसरीकडे हलवल्यावर ६० दिवस ते बाहेर नेता येत नाही. मालकाची माहिती बदलली तरी असंच कुलूप लागू शकतं. अशा वेळी गिऱ्हाईकाला त्याच रजिस्ट्रारकडे अकाउंट उघडायला सांगा, आतल्या आत "पुश" होतं. हे ६० दिवसांचं कुलूप नसेल तर अकाउंटमधला ट्रान्सफर लॉक काढलाय का आणि ऑथ कोड, म्हणजे नाव हलवायचा पासवर्ड, ताजा आहे का ते तपासा.

एक्स्पायर झालं: घाबरू नका, पण उद्यावरही ढकलू नका. डॉटकॉमला बऱ्याच ठिकाणी काही दिवस नेहमीच्या दरात रिन्यू करता येतं, मात्र याच काळात काही रजिस्ट्रार ते लिलावालाही लावतात. पुढे ३० दिवसांचा रिडेम्प्शन काळ, तिथे कित्येक पट दंड बसतो. शेवटचे ५ दिवस पेंडिंग डिलीट, तेव्हा कोणीच काही करू शकत नाही आणि मग नाव सगळ्यांसाठी मोकळं. हाच क्रम उलट बाजूने बघितला की सुटणारी नावं कशी पकडायची तेही कळतं, फक्त घेण्याआधी वेबॅक मशीनवर, म्हणजे जुन्या वेबपानांच्या संग्रहात, जुनी साईट बघा, तिथे जुगार नाहीतर नको ते व्हिडिओ चालत असतील तर ते पाप गुगलच्या लेखी नावाला चिकटलेलं असू शकतं.

टोपी घालणारे मेल

"तुमचं नाव मोठ्या किमतीला घेतो, पण आधी अमुक साईटवरून अप्रेझल सर्टिफिकेट आणा." ती साईट त्याचीच किंवा त्याच्या मित्राची, फी गेली की तो गायब. "चीनमध्ये एक कंपनी तुमचं नाव नोंदवतेय, लगेच आमच्याकडून घ्या." डिलीट. रिन्यूअलची बिलं येतात, जी तुमच्या रजिस्ट्रारची नसतातच. पैसे भरायचे ते फक्त स्वतः लॉगिन करून, मेलमधल्या लिंकवरून नाही.

पैसे घेताना अनोळखी माणूस असेल तर एस्क्रो, म्हणजे नाव पोहोचेपर्यंत पैसे तिसऱ्याकडे ठेवायची सोय, मग रक्कम कितीही असो. "आधी ट्रान्सफर करा, पैसे लगेच पाठवतो" म्हणणारा दादरचा असो की डॅलसचा, उत्तर तेच. पेपॅलवर पैसे आले तरी नंतर डिस्प्यूट टाकून परत ओढता येतात, डोमेन मात्र परत येत नाही. परदेशातून येणाऱ्या रकमेला बँक पर्पज कोड विचारते, कशाचे पैसे ते कागदावर दाखवता आलं पाहिजे, म्हणून सौद्याचे मेल आणि इनव्हॉइस जपून ठेवा आणि वर्षाच्या शेवटी नाही, पहिल्या विक्रीलाच सीएला भेटा.

आणि नाव विकलं गेलं की त्याच दिवशी बाकीच्या सगळ्या मार्केटप्लेसवरून ते काढा. तीन ठिकाणी लिस्ट केलेलं असतं, एकीकडे विकलं जातं, आणि आठवड्याने दुसरीकडे कोणीतरी बाय नाऊ दाबून पैसे भरतो.