जुन्या वाड्याच्या भिंतीला फट पडली तर आधी काय बघायचं

नागपूरच्या महाल-इतवारीत जुन्या वाड्याच्या भिंतीला फट दिसली की लोक गवंडी बोलावतात, सिमेंट भरतात, वरून पुट्टी मारून मोकळे होतात. भाऊ, हात जोडून सांगतो, असं करू नका. आपल्याकडची काळी माती उन्हाळ्यात आक्रसते, पावसात फुगते अन् तिच्यासोबत पायाही हलतो, म्हणून फट बुजवायच्या आधी तिच्यावर एक उन्हाळा अन् एक पावसाळा नजर ठेवायची.

पण भिंतीला पोट आलं असेल, ठोकल्यावर पोकळ आवाज येत असेल, किंवा सागवानी तुळईचं भिंतीतलं टोक स्क्रू ड्रायव्हर टोचल्यावर भुसभुशीत लागत असेल तर वाट बघत बसायचं नाही, त्या खोलीतून माणसं हलवा अन् स्ट्रक्चरल इंजिनियरला त्याच दिवशी बोलवा, टेकू कुठं द्यायचा ते त्यालाच सांगू द्या.

बाकी ठिकाणी फटीच्या दोन्ही बाजूला विटेत एकेक बारीक स्टीलचा खिळा इपॉक्सीनं पक्का बसवा. दोन खिळ्यांतलं अंतर व्हर्नियर कॅलिपरनं (बारीक माप घ्यायच्या पट्टीनं) मोजा अन् शेजारीच भिंतीवर पेन्सिलनं तारीख आणि मिलिमीटर लिहून टाका. दर महिन्याला, शक्यतो सकाळीच. काचेची पट्टी पीओपीनं चिकटवतात तीही चालते, पण ती तडकली की फट हलतेय एवढंच कळतं, किती हलली ते नाही. मे मध्ये रुंदावलेली फट सप्टेंबरात परत मिटत आली तर मातीचा खेळ आहे, आणि ऋतू कोणताही असो वाढतच चालली तर पाया बसतोय. पायऱ्या-पायऱ्यांनी तिरकी गेलेली फट बहुतेक वेळा पायाचीच असते, मग त्या कोपऱ्यात फुटलेली नाली, गळका नळ किंवा भिंतीला खेटून वाढलेलं झाड आहे का ते बघा. कोपऱ्यात उभी आणि वर रुंद होत गेलेली असेल तर ओळंबा सोडून बघा, भिंत बाहेर झुकत असू शकते.

सिमेंटला एवढा विरोध का? दोन विटांमधला चुन्याचा सांधा विटेपेक्षा मऊ असतो, थोडी हालचाल पोटात घेतो आणि ओल बाहेर जाऊ देतो. सिमेंट प्लास्टर ती ओल आत कोंडतं, क्षार विटेतच साचतात आणि काही वर्षांत प्लास्टरमागची वीट बोटानं खरवडली तरी पावडर होऊन पडते.

दुरुस्तीत आधी पाणी थांबवा, फुटके कवेलू बदला, पन्हाळ साफ करा. मग सैल सांधे छिन्नीनं हातानंच खरवडा, ग्राइंडर लावला की विटेच्या कडा जातात. सांधा त्याच्या रुंदीच्या निदान दुप्पट खोल खरवडा, धुवून घ्या आणि 1 भाग मुरवलेला चुना, 3 भाग रेती-सुरखी (सुरखी म्हणजे भाजलेल्या विटेची भुकटी) असा माल दाबून भरा. हे काम हिवाळ्यात काढा, मे च्या उन्हात चुना घट्ट व्हायच्या आधीच वाळून भुगा होतो. निदान आठवडाभर ओली पोती लावून ठेवा.

इंजिनियर चुन्याचं काम केलेलाच शोधा. काँक्रीटची मजबुती ठोकून तपासायची हॅमर टेस्ट विटा-चुन्याच्या भिंतीवर लावून कोणी सरळ "पाडा" म्हणत असेल तर दुसरं मत घ्याच. आणि वाडा महापालिकेच्या हेरिटेज यादीत असेल तर छिन्नी लावायच्या आधी परवानगी काढा.