घरातल्या केबलच्या नेटवर्कवर फाइल कॉपी संथ होत असेल तर दोष कसा शोधावा

घरातल्या दोन संगणकांमध्ये, किंवा संगणक आणि नॅस (नेटवर्कला जोडलेली फाइली साठवण्याची पेटी) यांच्यामध्ये, केबलने फाइल पाठवताना वेग फारच कमी पडू लागला की पहिला संशय राउटरवर जातो आणि दुसरा इंटरनेट देणाऱ्या कंपनीवर. दुसऱ्या संशयाला काहीच आधार नाही. घरातल्या घरात जाणारी फाइल बाहेर जातच नाही, त्यामुळे इंटरनेटचा प्लॅन ५० मेगाबिटचा असो की ५०० मेगाबिटचा, या कामात त्याने काडीचाही फरक पडत नाही. फाइल एका डिस्कवरून वाचली जाते, नेटवर्क कार्डातून केबलमध्ये जाते, स्विचमधून (अनेक केबली एकमेकींना जोडणाऱ्या पेटीतून) किंवा राउटरच्या पोर्टांमधून दुसऱ्या केबलमध्ये शिरते आणि पलीकडच्या डिस्कवर लिहिली जाते. या वाटेवर जे ठिकाण सर्वांत अरुंद असेल त्याचाच वेग शेवटी पदरात पडतो. ते ठिकाण कोणते हे कळण्यापूर्वी नवा राउटर किंवा महागडी केबल विकत घेणे म्हणजे अंधारात तीर मारणे होय, आणि तसे करण्याची गरजही नसते, कारण कॉपी चालू असताना पडद्यावर दिसणारा आकडाच बहुतेक वेळा दोषाचा पत्ता सांगतो.

आकडा काय सांगतो

नेटवर्कचा वेग मेगाबिटमध्ये मोजतात आणि कॉपीचा वेग मेगाबाइटमध्ये दाखवला जातो. एका बाइटमध्ये ८ बिट असल्यामुळे १०० मेगाबिटची जोडणी सेकंदाला जास्तीत जास्त १२.५ मेगाबाइट वाहू शकते, आणि प्रत्येक पॅकेटसोबत, म्हणजे माहितीच्या प्रत्येक तुकड्यासोबत, जाणारी पत्त्याची वगैरे माहिती वजा केली की हाती साधारण ११ ते ११.८ उरतात. त्याच हिशेबाने १ गिगाबिटच्या जोडणीवर कागदोपत्री १२५ आणि प्रत्यक्षात ११० ते ११८ मेगाबाइट मिळतात. विंडोज १०२४ च्या पटीत मोजत असल्याने तिथे ११२-११३ च्या आसपास आकडा दिसतो. तो दिसत असेल तर काहीही बिघडलेले नाही, नेटवर्क आपल्या पूर्ण क्षमतेने चालले आहे.

कॉपी ११ मेगाबाइटवर येऊन तिथेच ठाम राहत असेल तर वाटेतला एखादा तुकडा १०० मेगाबिटवर अडकला आहे, असे जवळजवळ खात्रीने म्हणता येते. ३० ते ४० वर थांबत असेल तर कुठे तरी यूएसबी २.० आहे का ते पाहावे: बाहेरची हार्ड डिस्क जुन्या पोर्टात लावलेली असते, किंवा गिगाबिटचे म्हणून घेतलेले यूएसबी-ईथरनेट अडॅप्टर चुकून संथ पोर्टात गेलेले असते. सुरुवातीला शंभराच्या वर जाऊन अर्ध्या-एक मिनिटाने वेग कोसळत असेल तर नेटवर्कला दोष देऊ नये, तो बहुधा डिस्कचा आहे. आणि आकडा एक-दोन मेगाबाइटच्या आसपास सतत वर-खाली होत असेल, तर एक तर फाइली अतिशय लहान आणि असंख्य आहेत, नाही तर जोडणीतच खोट आहे. या दोहोंतला फरक ओळखण्यासाठी सगळे प्रयोग ५-१० गिगाबाइटच्या एकाच मोठ्या फाइलवर करावेत.

जोडणी कोणत्या वेगावर ठरली आहे

विंडोजमध्ये सेटिंग्जमधील ईथरनेटच्या तपशिलात लिंक स्पीड दिसतो. लिनक्सवर ईथटूल ही आज्ञा नेटवर्क कार्डाच्या नावासह चालवली की तोच आकडा मिळतो. स्विचवर पोर्टाशेजारचे दिवेही वेग सांगतात, मात्र कोणता रंग कशासाठी हे प्रत्येक उत्पादकाचे वेगळे असते. दोन्ही टोकांना तपासावे, एका टोकाला १००० दिसले म्हणून दुसऱ्या टोकालाही असेलच असे नाही.

गिगाबिटची यंत्रे १०० वर का उतरतात, हे समजून घेतले की बराच शोध वाचतो. केबलमध्ये आठ तारा, म्हणजे पिळलेल्या चार जोड्या असतात. १०० मेगाबिटला त्यांपैकी दोनच जोड्या लागतात, पिन १, २, ३ आणि ६ वरच्या. तांब्याच्या केबलवरच्या गिगाबिटचे प्रमाण १९९९ मध्ये ठरले, आणि त्याला चारही जोड्या लागतात. उरलेल्या दोन जोड्यांतली एखादी तार तुटली, प्लगमध्ये नीट दाबली गेली नाही किंवा भिंतीतल्या सॉकेटमध्ये जोडलीच नाही, तर अनेक कार्डे गिगाबिटचा प्रयत्न सोडून निमूटपणे १०० वर येतात. दिवा लागतो, इंटरनेट चालते, कोणतीही चूक पडद्यावर येत नाही, आणि म्हणूनच हा दोष वर्षानुवर्षे लपून राहू शकतो. मी स्वतः एकदा दोन संध्याकाळी ड्रायव्हर बदलण्यात आणि सेटिंग्ज उलथापालथ करण्यात घालवल्या, आणि शेवटी दोष निघाला टेबलाच्या पायाखाली चिरडलेल्या केबलचा. तेव्हापासून माझा क्रम ठरलेला आहे: आधी केबल, मग बाकी सगळे.

केबल तपासण्याचा सर्वांत सोपा मार्ग म्हणजे खात्रीची दुसरी केबल लावून पाहणे. मात्र एका वेळी एकच वस्तू बदलावी. केबल, पोर्ट आणि स्विच एकदम बदलले तर वेग सुधारूनही कारण कळत नाही. नवी केबल घेताना कॅट ५ई पुरेशी आहे, ती १०० मीटरपर्यंत गिगाबिट वाहते. वर्गाच्या क्रमांकापेक्षा आतला धातू महत्त्वाचा. स्वस्त केबलींत पुष्कळदा ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा दिलेला असतो; अशा तारांचा रोध जास्त असतो आणि त्या वाकवल्यावर लवकर तुटतात, म्हणून शुद्ध तांब्याचीच केबल मागावी.

केबल चांगली असूनही वेग १०० वरच राहिला तर मधल्या यंत्रांकडे वळावे. इंटरनेटच्या बाबतीत चांगले चालणाऱ्या कित्येक राउटरांचे घरातल्या बाजूचे पोर्ट केवळ १०० मेगाबिटचे असतात. अशा वेळी राउटर बदलण्याऐवजी एक साधा गिगाबिट स्विच घेऊन दोन्ही संगणक त्याला जोडावेत आणि स्विचमधून एक केबल राउटरला द्यावी. मग फाइली स्विचमधल्या स्विचमध्येच फिरतात. काही लहान संगणकांची मर्यादा त्यांच्या घडणीतच असते. रास्पबेरी पाय ३ बी प्लसवर गिगाबिटचा पोर्ट आहे, पण तो आतून यूएसबी २.० वर बसवलेला असल्याने सुमारे ३०० मेगाबिटच्या पुढे जात नाही.

इथे एक मोह टाळावा. ड्रायव्हरच्या सेटिंग्जमध्ये वेग हाताने ‘१०० फुल डुप्लेक्स’ असा पक्का करता येतो (फुल डुप्लेक्स म्हणजे एकाच वेळी पाठवणे आणि घेणे, हाफ डुप्लेक्स म्हणजे आळीपाळीने), आणि अडचणीत सापडलेला माणूस तो करून पाहतोच. एका टोकाला असे पक्के केले आणि दुसरे टोक आपोआप ठरवण्यावर राहिले, तर दुसऱ्या टोकाला डुप्लेक्स कळत नाही आणि ते हाफ डुप्लेक्स गृहीत धरते. मग एक बाजू बोलताना ऐकतही असते, दुसरी मात्र ऐकू लागली की बोलणे थांबवते. पॅकेट आपटतात, पुन्हा पाठवावी लागतात आणि वेग रसातळाला जातो, जरी पिंग, म्हणजे पलीकडचे यंत्र उत्तर देते का हे पाहणारी छोटी चाचणी, अगदी व्यवस्थित दिसत असले तरी. दोन्ही टोकांना ‘ऑटो निगोशिएशन’ हाच योग्य पर्याय आहे.

खरेच केबलवरून जात आहे का

हे विचित्र वाटेल, पण केबल लावलेली असतानाही फाइली वायफायवरून जात असतात. दोन्ही जोडण्या चालू असताना विंडोज साधारणपणे जास्त लिंक स्पीडच्या जोडणीला प्राधान्य देते; केबल १०० वर अडकलेली आणि वायफाय ८६६ दाखवत असेल तर वायफायची निवड होऊ शकते. चाचणीपुरते दोन्ही टोकांचे वायफाय बंद करावे. मेश पद्धतीच्या (घरभर वायफाय पसरवणाऱ्या) यंत्राला मागून केबल जोडलेली असली, तरी ते यंत्र मुख्य राउटरशी हवेतून बोलत असेल तर ती जोडणी केबलची नव्हेच. विजेच्या तारांवरून नेटवर्क नेणारे अडॅप्टर हेही याच जातीचे आहेत. त्यांच्या खोक्यावरचा आकडा आणि प्रत्यक्षातला वेग यांत फार मोठे अंतर असते.

नेटवर्क आणि डिस्क वेगळे मोजणे

माझ्या मते संपूर्ण शोधातली सर्वांत मोलाची पायरी हीच. आयपर्फ३ हा मोफत प्रोग्राम दोन्ही संगणकांवर घ्यावा, एकीकडे तो सर्व्हर म्हणून चालवावा आणि दुसरीकडून पहिल्याचा आयपी पत्ता देऊन क्लायंट म्हणून. तो मेमरीतून मेमरीत माहिती पाठवतो, डिस्कला हातही लावत नाही, त्यामुळे निव्वळ नेटवर्कचा वेग कळतो. जोडणी झालीच नाही तर फायरवॉलमध्ये ५२०१ हा पोर्ट उघडावा. गिगाबिटवर सुमारे ९४० मेगाबिट येणे अपेक्षित आहे. चाचणी दोन्ही दिशांनी करावी. त्यासाठी दिशा उलटवण्याचा पर्याय प्रोग्राममध्येच आहे.

दोन्ही दिशांनी ९४० आले आणि तरीही कॉपी संथ असेल, तर केबल, स्विच, राउटर हे सगळे निर्दोष ठरले आणि पुढे त्यांच्याकडे पाहण्याचे कारण उरत नाही. एकाच दिशेला वेग पडत असेल तर पुन्हा पाठवलेल्या पॅकेटांचा रकाना पाहावा. तिथे आकडे वाढत असतील तर पॅकेट वाटेत गळत आहेत, आणि कारण बहुधा खराब प्लग किंवा केबल असते, क्वचित, २.५ गिगाबिटच्या यंत्राकडून १ गिगाबिटच्या यंत्राकडे जाताना मधल्या स्वस्त स्विचची साठवण अपुरी पडते. एका प्रवाहाने वेग कमी, पण चार समांतर प्रवाहांनी पूर्ण, असे झाले तर एखाद्या टोकाचा प्रोसेसर किंवा ड्रायव्हर कमी पडत असण्याची शक्यता मोठी. शंका राहिलीच तर दोन्ही संगणक एकाच केबलने थेट जोडून चाचणी घ्यावी. आजच्या कार्डांना त्यासाठी वेगळी क्रॉस केबल लागत नाही, आणि पत्ता देणारे कोणी नसल्याने दोघे १६९.२५४ ने सुरू होणारे पत्ते स्वतःच घेतात, तेच वापरावेत.

नेटवर्क सुटले की डिस्क. टास्क मॅनेजरमध्ये कॉपी चालू असताना डिस्क १०० टक्के व्यग्र दिसते का ते दोन्ही टोकांना पाहावे. फिरत्या हार्ड डिस्कचा वेग बाहेरच्या कडेला जितका असतो त्याच्या साधारण निम्माच आतल्या कडेला असतो, त्यामुळे भरत आलेली डिस्क नव्या डिस्कइतकी चपळ राहत नाही. एसएमआर पद्धतीच्या फिरत्या डिस्कमध्ये मार्ग एकमेकांवर कौलांसारखे रचलेले असतात. तात्पुरती जागा भरली की तिला शेजारचे मार्ग पुन्हा लिहावे लागतात आणि वेग एकदम घसरतो. स्वस्त एसएसडीतही जलद लिहिण्याची जागा मर्यादित असते, ती संपली की काही एसएसडी गिगाबिटपेक्षाही मागे पडतात. वर सांगितलेला ‘सुरुवातीला वेग, मग घसरण’ हा नमुना येथून येतो.

लहान फाइलींचा हिशेब मात्र वेगळा आहे. प्रत्येक फाइलीसाठी ती उघडणे, पलीकडे तयार करणे, तारीख-वेळ नोंदवणे, बंद करणे अशा फेऱ्या होतात. २० किलोबाइटच्या १०,००० फाइली म्हणजे फक्त २०० मेगाबाइट, गिगाबिटवर दोन सेकंदांचे काम. पण प्रत्येक फाइलीमागे १० मिलिसेकंद गेले तर १०० सेकंद लागतात आणि वेग २ मेगाबाइट दिसतो. येथे केबल बदलून काही होणार नाही. फोल्डरची एक झिप करून पाठवावी, किंवा विंडोजमध्ये रोबोकॉपी ही कॉपीची आज्ञा अनेक धाग्यांच्या, म्हणजे एकाच वेळी अनेक फाइली नेण्याच्या, पर्यायासह वापरावी. आकडा न दिल्यास ती ८ धागे घेते. अँटिव्हायरस प्रत्येक फाइल उघडून तपासत असेल तर हाच खर्च आणखी वाढतो.

शेवटचा संशयित म्हणजे सांकेतिकीकरण (एन्क्रिप्शन). एसएफटीपी या सांकेतिक रूपात फाइल पाठवणाऱ्या पद्धतीने कॉपी करताना किंवा शेअरवर एन्क्रिप्शन चालू असताना दुबळ्या प्रोसेसरचा जुना नॅस दमतो. विंडोज ११ च्या २४एच२ आवृत्तीत (प्रो, एंटरप्राइज आणि एज्युकेशनमध्ये) एसएमबी साइनिंग, म्हणजे विंडोजच्या फाइल शेअरिंगमधल्या प्रत्येक संदेशावर खात्रीची सही करणे, हेही मुळातच सक्तीचे झाले आहे. ते वेगासाठी बंद करण्याचा सल्ला मी देणार नाही. आधी नॅसच्या पानावर कॉपीच्या वेळी प्रोसेसर शंभर टक्क्यांवर जातो का ते पाहावे, जात नसेल तर कारण हे नव्हे.

जंबो फ्रेमचा, म्हणजे मोठ्या आकाराच्या पॅकेटांचा, उल्लेख केवळ इशारा म्हणून करतो. पॅकेट १५०० वरून ९००० बाइटपर्यंत वाढवल्याने गिगाबिटवर फायदा जेमतेम चार-पाच टक्के होतो, आणि वाटेतल्या एखाद्या जरी यंत्राला तो आकार मानवला नाही तर जोडणी मध्येच गोठते. ११२ मेगाबाइट खरोखरच अपुरे पडत असतील तर दोन्ही टोकांना २.५ गिगाबिटची कार्डे आणि मध्ये तसाच स्विच लावावा. २०१६ मध्ये ठरलेले हे प्रमाण कॅट ५ई वरच चालते, त्यामुळे भिंतीतल्या केबल उपसाव्या लागत नाहीत. मात्र दोन्ही बाजूंच्या डिस्क सेकंदाला २८० मेगाबाइट वाचू-लिहू शकतात का, हे खरेदीपूर्वी त्याच मोठ्या फाइलने संगणकातल्या संगणकात कॉपी करून पाहून घ्यावे.