मालक कोर्टात आलाच नाही तर
भोसरीतल्या एका वर्कशॉपने माझा चार महिन्यांचा पगार बुडवला. २०१८ साली औद्योगिक विवाद कायद्याच्या कलम ३३सी(२) खाली कामगार न्यायालयात अर्ज केला. (आता नवी संहिता आलीय, कलम वकिलाला विचारा.) मी रजिस्टर पोस्टाने पाठवलेली नोटीस ‘घेण्यास नकार’ असा शेरा घेऊन परत आली. असं पाकीट फोडू नका! तसंच दाखल करा; नकार म्हणजे बजावणी झाली, असंच सहसा धरतात.

मालक गैरहजर म्हणून निकाल आपोआप पदरात पडत नाही. एकतर्फी सुनावणीतही शपथपत्र, पुरावे लागतात. माझं तेलकट हजेरीकार्ड आणि पासबुकातल्या जुन्या पगाराच्या नोंदी कामी आल्या.

खरी दमछाक पुढेच. वसुली दाखला काढला, की जिल्हाधिकारी महसुलाच्या थकबाकीसारखी वसुली करतात. पण मालकाची मशिनरी, बँकखातं कुठे ते तुम्हीच शोधून द्या; तलाठी शोधत बसत नाही.