हायब्रिड मोटरच्या स्टेटरमध्ये (न फिरणाऱ्या भागात) सिलिकॉन भरताना
आधी मोटर थंड कशाने होते ते पाहा. गिअरबॉक्सचे तेल वाइंडिंगवर (तांब्याच्या तारेच्या गुंडाळीवर) पडत असेल तर साधे सिलिकॉन फुगते. तिथे ते भरूच नका.

स्टेटर आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, ते पूर्ण उडू द्या, मग ओव्हनमध्ये 100 अंशांवर 2 तास वाळवा. साताऱ्याच्या पावसाळ्यात ही पायरी गाळली की ओल आतच अडकते. सिलिकॉन दोन भागांत येते; दोन्ही डबे तळापासून ढवळा, उष्णता वाहून नेणारी भुकटी खाली बसलेली असते. दोन्ही भागांचे प्रमाण बहुधा 1:1. अंदाजाने नाही, वजनकाट्यावर मोजा. हवा काढायला व्हॅक्यूममध्ये ठेवले की मिश्रण फसफसून वर येते, म्हणून भांडे चौथाईच भरा. एकाच बाजूने बारीक धारेने ओता, हवा दुसरीकडून निघते.

दुसऱ्या दिवशीही चिकट? संशय आधी गंधकावर. लॅटेक्सचे हातमोजे, रबरी नळी (यांत गंधक असते), शिवाय अमाइनने घट्ट होणारे इपॉक्सी हे सिलिकॉन घट्ट करणाऱ्या प्लॅटिनम उत्प्रेरकाला निकामी करतात. व्हिनाइलचे किंवा गंधकरहित नायट्राइलचे हातमोजे वापरा. व्हिनेगरसारखा वास येणारी सिलिकॉनची स्वस्त ट्यूब तर तांब्याजवळ नकोच, तांबे हिरवे पडते.

सांगलीच्या एप्रिलात मिश्रण लवकर घट्ट होते, सकाळीच उरका. पूर्ण सुकल्यावर, जोडणीआधी, 1 मिनिट मेगर (इन्सुलेशनचा रोध मोजणारे यंत्र) लावा.