अल्टरनेटरची तुटलेली पट्टी कशी बदलावी

मराठवाड्यातल्या खडीच्या आणि शिवारातल्या रस्त्यांवर सतत धावणाऱ्या जुन्या गाडीत अल्टरनेटरला (इंजिनच्या बेल्टवर फिरून वीज तयार करणाऱ्या यंत्राला) वरून धरणारी, लांबट खाच असलेली पट्टी कधीतरी तुटतेच, आणि त्यावर सगळ्यांत आधी मिळणारा सल्ला असतो, ‘वेल्डिंग मारून घ्या.’ तसे करू नये. जोडलेली पट्टी जराशी वाकडी राहिली तरी अल्टरनेटर तिरका बसतो, बेल्ट एका कडेने झिजतो आणि वेल्डिंगच्या शेजारीच पुन्हा चीर पडते. जुनी पट्टी दुकानात सोबत न्यावी आणि भोके व वाक तंतोतंत जुळणारी नवीच घ्यावी.

इंजिन पूर्ण निवू द्यावे. वैशाखात हे काम सकाळीच उरकावे. बॅटरीची ऋण वायर आधी काढावी, कारण अल्टरनेटरच्या जाड वायरीत इंजिन बंद असतानाही वीज असते. बेल्ट सैल करून जुनी पट्टी उतरवावी.

नवी पट्टी लावण्यापूर्वी खालचा मुख्य बोल्ट तपासावा. बहुतेक वेळा तोच सैल झालेला असतो आणि सगळा हादरा वरच्या पट्टीवर येतो. त्याचे भोक लांबट झाले असेल, तर नवी पट्टीही टिकणार नाही. आधी तो दोष काढावा.

आता खरा अवघड टप्पा. सुरुवातीला मलाही यानेच फार दमवले. एक बोल्ट पूर्ण आवळून मग दुसऱ्याकडे वळले, की पट्टी ताणात अडकते आणि उरलेला बोल्ट भोकासमोर येत नाही. मग तो पान्याने रेटला जातो आणि अॅल्युमिनियममधले आटे जातात. म्हणून सर्व बोल्ट प्रथम बोटांनीच, निदान तीन-चार आटे, फिरवावेत. बोटांनी फिरत नसेल, तर बोल्ट वाकडा लागतो आहे. तो काढून पुन्हा लावावा. त्यानंतर पट्टीचे इंजिनकडचे टोक आवळावे, बेल्ट चढवावा आणि टॉमीने (लोखंडी दांड्याने) अल्टरनेटर बाहेर रेटून ताण द्यावा. टॉमी पुढच्या जाड कवचालाच टेकवावी. मागच्या पातळ झाकणाला टेकवल्यास ते फुटते. ताण तसाच धरून आधी खाचेतला आणि मग खालचा बोल्ट आवळावा. ‘बेल्ट तारेसारखा ताठ हवा’ हे सांगणे चुकीचे आहे, कारण अति ताणाने अल्टरनेटरचे बेअरिंग जाते. दोन पुल्लींमधल्या लांब भागावर अंगठ्याने जोरात दाबल्यावर बेल्ट साधारण 10 मिलिमीटर दबला, तर बहुतेक जुन्या गाड्यांना तेवढा ताण पुरतो. कडेच्या बाजूने पाहिल्यावर तो सर्व पुल्लींवर एका सरळ रेषेत दिसलाच पाहिजे.

बॅटरी जोडून गाडी सुरू करावी. बॅटरीला लावलेल्या व्होल्टमीटरवर साधारण 13.5 ते 14.5 व्होल्ट दिसावेत. दोन-तीनशे किलोमीटर गाडी चालल्यावर सर्व बोल्टांना पुन्हा पाना लावून पाहावा.